रिकाम्या खुर्चीचा खेळ

मानसशास्त्र विभागाची प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तीन कपाटं, एक लांब टेबल आणि चहाच्या कपांचे गोल डाग पडलेलं एक स्टूल. आतल्या खोलीत काळा पडदा, एक संगणक आणि त्याच्यासमोर एक खुर्ची. या दोन खोल्यांच्या किल्ल्या गेली तेहेतीस वर्षं एकाच माणसाच्या खिशात होत्या. कागदोपत्री ते प्रयोगशाळा सहायक होते, पण विभागप्रमुखांपासून पहिल्या वर्षाच्या मुलांपर्यंत सगळे त्यांना चक्रीकाका म्हणत.

हे नाव पडलं ते स्लाइड प्रोजेक्टरच्या दिवसांत. तेव्हा एका गोल चक्रीच्या खाचांमध्ये ऐंशी स्लाइड उभ्या बसवायच्या, बटण दाबलं की 'खटक' करून एक खाली उतरायची आणि पडद्यावर चित्र उमटायचं. दुसऱ्या कुणी चक्री भरली की एखादं तरी चित्र डोक्यावर उभं राहायचंच. काकांच्या चक्रीत असं कधी झालं नाही, कारण त्यांनी प्रत्येक स्लाइडच्या उजव्या कोपऱ्यात लाल ठिपका दिला होता. ठिपका नेलपॉलिशचा होता. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आपली बाटली आपोआप कशी रिकामी होते, या कोड्यात काकू बरेच दिवस पडल्या होत्या. उलगडा झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "अहो, नखं माझी आणि नटवता भलत्यालाच."

प्रोजेक्टरचं आणखी एक होतं. थंड दिवा नीट तापायला वेळ लागायचा, आणि तापला की स्लाइड उष्णतेने जराशी फुगून चित्र क्षणभर पुसट व्हायचं. म्हणून सकाळी कुणी यायच्या आत काका अख्खी चक्री एकदा फिरवून घेत. समोर खुर्ची रिकामी असायची. या पहिल्या खेळाला ते रिकाम्या खुर्चीचा खेळ म्हणत. खेळ चालू असताना पडद्याकडे पाठ करून ते फडकं मारत. खुर्चीची पाठ, तिचे हात, टेबलाची कड, दाराची मूठ. खेळ संपायचा तेव्हा फडकंही झटकून झालेलं असायचं. मग दार उघडायचं.

बारा वर्षांपूर्वी संगणक आला. विभागातले जुने लोक त्याला हात लावायला बिचकत, काका मात्र नाही. त्या नव्या प्रोग्रॅममध्ये चित्रांच्या खेळासाठी एक फाइल असायची, म्हणजे साधी यादी. प्रत्येक ओळीत आधी चित्राचं नाव आणि पुढे ते किती वेळ दाखवायचं तो आकडा. हजार लिहिलं की एक सेकंद. काकांनी चष्मा कपाळावर ढकलून ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, "ही चक्रीच की. उलगडून सरळ केलेली."

संगणकात तापवायला दिवा नव्हता, फुगायला स्लाइड नव्हती, पण इतक्या वर्षांची सवय काही सुटत नसते. मुख्य बटण चालू करायचं, खेळ लावायचा, पाठ करायची, फडकं मारायचं. कुणी विचारलं नाही, काकांनी सांगितलं नाही. सकाळी उठून भांग पाडतो हे कुणी कुणाला सांगतं का?

त्यांचं यंत्र कधी अडलं नाही, हेही खरं. शेजारच्या विभागातली यंत्रं दर आठवड्याला रुसायची, काकांचं नाही. हाताला गुण आहे, यंत्र त्यांना ओळखतं, असं लोक म्हणत. काका "छे, छे" म्हणत, पण ते ऐकायला थोडं थांबत.

त्या वर्षी विभागात एक संशोधक मुलगी आली होती. पासष्टीच्या पुढच्या माणसांच्या स्मरणशक्तीवर तिचं काम होतं. साठ जणांना बोलवायचं. एकेकाला चाळीस चित्रं दाखवायची, प्रत्येक चित्र एक सेकंद, दोन चित्रांच्या मध्ये दोन सेकंद नुसता पांढरा पडदा. मग बाहेरच्या खोलीत चहा. चहानंतर ऐंशी चित्रं, त्यातली चाळीस आधीची आणि चाळीस नवी. आधी पाहिलेलं वाटलं तर हिरवं बटण, नाही वाटलं तर लाल. साठ माणसं पुरी होईपर्यंत एकाचंही उत्तर उघडून बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. "बघितलं की मला हवं तसं दिसायला लागेल, काका," ती म्हणाली होती. काकांना मुलगी त्या वाक्यापासून आवडली.

चित्रं काकांच्याच जुन्या स्लाइडवरची होती. कंदील, बादली, घोडा, शिडी. काकांनी ती सगळी स्कॅन करून दिली. त्यातली सहा फिकी आली. मुलगी "चालतील" म्हणाली, पण चालतील म्हणताना तिचा चेहरा चालण्यासारखा नव्हता. तेव्हा काकांनी ती सहा पुन्हा केली, यंत्राला जितकं बारीक टिपता येईल तितक्या बारकाईने. एकेकाला पाव तास लागला. छत्रीच्या कापडाची वीणसुद्धा मोजता येईल असं चित्र आलं. त्यांनी ती सहाही जुन्या चित्रांच्या जागी, जुन्याच नावांनी ठेवून दिली. एकदाच करायचं तर नीट करावं, एवढा एकच धर्म त्यांनी जन्मभर पाळला होता.

आणि मग त्यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डॉक्टरांनी तारीख दिली. शनिवारी ऑपरेशन, पुढचा आठवडा सक्तीची रजा, त्यानंतर तीन आठवडे वाकणं नाही, धूळ नाही.

रजेवर जायच्या आधी काकांनी बदलीच्या माणसासाठी सूचना लिहून काढल्या. बदलीचा माणूस म्हणजे ग्रंथालयातला शिपाई, पंचेचाळिशीचा, सांगितलं तेवढंच करणारा आणि सांगितलं तेवढं नक्की करणारा. सूचना एकोणीस होत्या. पडदा कुठल्या बाजूने ओढायचा, चहा कधी सांगायचा. सातवी सूचना अशी होती : 'वयस्कर माणूस खुर्चीत बसताना "सावकाश" म्हणू नये. त्यांना माहीत असतं. आपण खुर्ची धरून उभं राहावं.' एकोणिसावी : 'संध्याकाळी मुख्य बटण बंद करून मगच कुलूप लावणे.'

रजेच्याच आठवड्यासाठी मुलीला दोन माणसं कमी पडत होती. काकांनी आपली थोरली बहीण सुचवली. घरचं माणूस प्रयोगात असताना आपण त्या खोलीत नसावं हा नियम काका स्वतःच सगळ्यांना शिकवत आले होते, आणि रजेमुळे तो आपोआप पाळला जात होता. अक्काबरोबर तिच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईही निघाल्या. अक्का त्यांना तोंडावर ताई म्हणायची आणि पाठीमागे 'समोरची'. दोघींचं एकमेकींवाचून पानही हलायचं नाही आणि एकमेकींशी पटायचंही नाही.

अक्का बहात्तर वर्षांची. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. अर्ध्या शहराचे नंबर तिला तोंडपाठ होते. निवृत्तीनंतर नंबर गेले, स्मरणशक्ती राहिली, आणि ती सगळी पत्त्यांत उतरली. दर रविवारी तिच्या घरी चौघांचा डाव पडायचा. अक्का, समोरच्या ताई, काका आणि काकू. पडलेलं प्रत्येक पान अक्काच्या लक्षात असायचं. शेवटची चार पानं हातात असताना ती समोरच्याच्या हातातली पानं नावासकट सांगायची. तिच्याशी खेळणं म्हणजे काचेच्या घरात कपडे बदलण्यासारखं आहे, असं काकू म्हणायच्या.

तर दोघी बुधवारी सकाळी प्रयोगाला गेल्या. आधी अक्का बसली, नंतर ताई. परत येताना रस्त्यात बोलणं निघालं. ताई म्हणाल्या, छत्री किती सुबक होती नाही, पहिल्या खेपेलाच माझ्या मनात भरली. अक्का म्हणाली, छत्री पहिल्या खेपेला नव्हतीच. मी लाल बटण दाबलं. ताई म्हणाल्या, होती. आणि ती होडी? होडीही नव्हती. होती हो. कुलूप? तेही नव्हतं. घर येईपर्यंत चार चित्रं झाली. चारही अक्काने पाहिली नव्हती आणि चारही ताईंनी पाहिली होती. दाराशी आल्यावर ताई म्हणाल्या, "असू द्या हो, वय झालं की व्हायचंच." ताईंनी ते सांत्वन म्हणून म्हटलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच आपण अक्कापेक्षा वरचढ ठरलो, ही गोडी काही त्यांच्या आवाजातून लपली नाही.

ही सगळी हकीकत ताईंनीच काकूंना सांगितली, आणि काकूंनी डोळ्यावर पट्टी बांधून पडलेल्या काकांना.

रविवारी अक्का भावाला बघायला आली. तिने नेहमीसारखी उशी झटकली, औषधाच्या बाटल्या ओळीत लावल्या. मग खुर्ची पलंगाजवळ ओढून बसली आणि म्हणाली, "बाळ्या, ती छत्री होती का रे त्या चाळीसांत?"

काकांना यादी पाठ होती. छत्री अकरावी होती. पण प्रयोग चालू असताना चित्रांबद्दल चकार शब्द काढायचा नसतो, आणि काढला असता तरी काय सांगणार होते?

"अक्का, प्रयोग संपेपर्यंत बोलायचं नसतं."

"म्हणजे होती," अक्का म्हणाली.

त्या रविवारी पत्ते झाले नाहीत. काकांच्या डोळ्यामुळे, असं सगळ्यांनी धरलं. पुढच्या रविवारी काकांची पट्टी निघालेली होती, तरी अक्काने पत्त्यांच्या जोडाला रबर लावून तो कपाटावर ठेवून दिला होता. म्हणाली, मला आता खेळता यायचं नाही, डोकं लागत नाही. काकांनी नव्या लख्ख डोळ्याने घर पाहिलं. जागोजागी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. 'गॅस बंद केला का.' 'किल्ली घेतली का.' 'पाणी.' अक्षर तिचंच, टेलिफोनच्या वहीतलं, गोल आणि ताठ. घराची दुसरी किल्ली तिने ताईंकडे देऊन टाकली होती. ताई आता तिच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलत होत्या, आणि अक्का त्यांना उलट बोलत नव्हती. काकांना सगळ्यात जास्त टोचलं ते हे.

एव्हाना ते कामावर रुजू होऊन आठवडा झाला होता, आणि पहिल्या दिवसापासून त्यांनी यंत्राची झडती चालवली होती. घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला त्यांनी यादी उघडली. चाळीस ओळी मोजल्या. अकराव्या ओळीत छत्री, पुढे हजार. फोल्डरमध्ये छत्रीचं चित्र. नाव जसंच्या तसं. मग खेळ लावून खुर्चीच्या मागे उभे राहिले. छत्री आली, एक सेकंद थांबली, गेली. होडी आली. कुलूप आलं. दुपारी पुन्हा लावला. तेच. वायर बदलली, पडदा बदलला, तेच. यंत्राच्या नोंदवहीत त्या बुधवारच्या पानावर चाळीसही चित्रांपुढे 'दाखवलं' असं लिहिलेलं होतं. अक्काची उत्तरं उघडून बघितली असती तर कदाचित काही कळलं असतं. मुलीने नाही म्हटलं नसतं. पण काकांनी विचारलंच नाही. ज्या कपाटाची किल्ली आपल्यावर विश्वास टाकून दिलेली असते, ते कपाट आपल्या माणसासाठी उघडायचं नसतं.

बदलीच्या माणसालाही त्यांनी गाठलं. त्याने खिशातून सूचनांचा घडी घातलेला कागद काढला. एकोणीसच्या एकोणीस सूचनांपुढे पाचही दिवसांच्या बरोबरच्या खुणा होत्या. "काका, तुम्ही लिहिलंत त्याच्या बाहेर मी पाऊल टाकलं नाही," तो म्हणाला. आणि ते अक्षरशः खरं होतं.

म्हणजे यंत्र बरोबर होतं. माणूस बरोबर होता. राहिली अक्का.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर काका घास हातात धरून तसेच राहिले, तेव्हा काकूंनी विचारलं काय झालं. ते म्हणाले, काही नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "ती मला पाढे शिकवायची. मी चुकलो की माझ्याऐवजी तीच हिरमुसायची."

काकूंचं लक्ष या सगळ्यात निराळ्याच गोष्टीकडे होतं. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हणून बजावलं होतं आणि काकांच्या पिशवीत त्यांना रोज मळलेलं फडकं सापडत होतं. बुधवारी त्यांनी ते जप्त केलं. शिवाय ग्रंथालयात फोन करून बदलीच्या माणसाला सांगितलं की प्रयोगशाळेत जेवढी फडकी असतील तेवढी आजच्या आज उचला. सांगितलं तेवढं नक्की करणारा माणूस तो. त्याने खिडकीचा जुना पडदासुद्धा शिल्लक ठेवला नाही.

गुरुवारी सकाळी काकांनी कुलूप उघडलं, मुख्य बटण चालू केलं, खेळ लावला, पाठ केली, आणि फडक्यासाठी कपाट उघडलं. कपाट रिकामं. खिशात रुमालही नव्हता, तोही काकूंनी काढून घेतला होता. दोन मिनिटांचा खेळ आणि हातांना काम नाही. काकांना हात कुठे ठेवावेत तेच कळेना. डोळ्यात नुकताच औषधाचा थेंब टाकला होता, त्यामुळे जरा गरगरत होतं. ते खुर्चीत बसले.

त्या खुर्चीत ते तेहेतीस वर्षांत बसले नव्हते. ती येणाऱ्याची खुर्ची होती. बसल्यावर त्यांना वाटलं, खुर्चीचे हात जरा उंच आहेत. मग त्यांनी समोर बघितलं. कंदील आला, गेला. बादली. घोडा. शिडी. दहावं चित्र चमचा. मग पांढरा पडदा. पांढरा. आणखी पांढरा. काकांच्या अंगात सेकंद मुरलेला होता. दोन झाले, तीन झाले, पाच झाले. आणि एकदम बारावं चित्र आलं, टोपली.

अकरावं आलंच नव्हतं.

काका हलले नाहीत. खेळ संपेपर्यंत त्यांनी बोटांवर मोजलं. सहा वेळा पडदा पांढराच राहिला. मग त्यांनी तोच खेळ पुन्हा लावला. या वेळी छत्री आली, होडी आली, सगळी चाळीस आली. त्यांनी मुख्य बटण बंद केलं, मनात साठ मोजले, पुन्हा चालू केलं. छत्री गायब. दुसऱ्या खेपेला हजर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. काकांनी फोल्डर उघडून चित्रांचं वजन बघितलं, म्हणजे फाइल किती मोठी आहे ते. चौतीस चित्रं चिमूटभर होती. सहा चित्रं एकेक पोत्यासारखी होती, इतरांच्या दोनशे पट. त्यांनी पाव-पाव तास खपून केलेली ती सहा. नुकत्याच चालू झालेल्या संगणकाला ते पोतं पहिल्यांदा उचलायला सेकंदापेक्षा जास्त वेळ लागत होता. प्रोग्रॅम घड्याळाच्या काट्यावर चालणारा. चित्राची पाळी आली, पाळी गेली, पुढचं. 'दाखव' असा हुकूम सुटला म्हणून नोंदवहीत 'दाखवलं'. आणि एकदा उचललेलं पोतं मात्र संगणक जवळच ठेवायचा, त्यामुळे दुसऱ्या खेपेपासून सगळं सुरळीत.

रोजची पहिली खेप खुर्ची बघत होती. काका पाठ करून फडकं मारत होते. आणि ज्या एका आठवड्यात काका नव्हते, त्या आठवड्यात पहिली खेप माणसांनी बघितली. एकोणीस सूचनांत ही विसावी नव्हती, कारण हे काम आहे असं काकांना कधी वाटलंच नव्हतं.

यंत्र त्यांना ओळखत वगैरे काही नव्हतं. हे उमगल्यावर वाईट वाटायला हवं होतं, पण काकांना त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की त्यांनी खुर्चीचा हात थोपटला.

साडेदहाला मुलगी आली. काकांनी तिला खुर्चीत बसवलं, बटण बंद-चालू करून खेळ दाखवला, दुसऱ्यांदा दाखवला, आणि मग उभ्यानेच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "मॅडम, ती सहा चित्रं मी जड केली. चूक माझी आहे."

तिने प्रोग्रॅममधलं एक पान उघडलं आणि एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. सुरुवात करायच्या आधी सगळी चित्रं तयार ठेवा, असं तिथे लिहिलं होतं. तिथे खूण करायची राहिली होती. "ही माझी," ती म्हणाली. "तुमची सहा, माझी एक."

मग तिने त्या आठवड्याचे दिवस मोजले. पाच सकाळी, पाच पहिली माणसं. त्यांची उत्तरं बाजूला काढावी लागणार, त्यांच्या जागी नवी पाच बोलवावी लागणार. काकांना वाटलं ती आता रडेल. पण ती म्हणाली, "साठ झाल्यावर उघडलं असतं ना काका, तर पाच चांगल्या माणसांना मी विसराळू म्हणून लिहून टाकलं असतं." आणि त्या विचाराने तीच दचकली.

सहा चित्रं हलकी करून, चौकटीत खूण करून, तिने बटण बंद-चालू करत दहा वेळा खेळ लावून बघितला. दहाही वेळा छत्री आली. विभागप्रमुखांना सांगून तिने त्या पाच जणांना खरं काय ते कळवायचं ठरवलं. उपकरण चुकलं तर माणसाला तसं सांगायचं, हाही नियमच होता. चौघांना फोन झाले. पाचवं नाव आलं तेव्हा तिने फोन खाली ठेवला.

"तुमच्या अक्का. तुम्ही सांगता का?"

काकांच्या जिभेवर ते कधीचं येऊन बसलं होतं. पण ते म्हणाले, "नको. मी सांगितलं तर तिला वाटेल भाऊ समजूत घालतोय. तुम्हीच या."

घरी जायच्या आधी काकांनी बदलीच्या माणसाकडून तो कागद मागून घेतला आणि खाली विसावी सूचना लिहिली : 'रोजचा पहिला खेळ स्वतः खुर्चीत बसून, डोळे उघडे ठेवून बघणे. फडकं त्यानंतर.'

रविवारी दुपारी मुलगी आली. काका-काकू आधीच येऊन बसले होते आणि ताई तर दाराचा आवाज ऐकून समोरून आल्याच होत्या. मुलीने सगळं नीट सांगितलं. चित्रं जड होती, पहिल्या खेपेला ती पडद्यावर आलीच नाहीत, तुम्ही लाल बटण दाबलंत ते बरोबर होतं. अक्का ऐकत होती. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"हे तुम्हाला ह्याने सांगायला लावलं का?" तिने भावाकडे मान वळवून विचारलं.

"नाही. मला नियमाने सांगावंच लागतं."

"बरं. यादी आणली आहे?"

मुलीने पर्समधून कागद काढला. अक्काने तो हातात घेतला नाही. म्हणाली, बाळ्याकडे द्या. मग तिने मांडीवर हात ठेवले, समोरच्या भिंतीकडे बघितलं, आणि एक्स्चेंजमध्ये नंबर सांगावेत तशा आवाजात सुरुवात केली.

"कंदील. बादली. घोडा. शिडी."

काका कागदावर बोट ठेवून खाली खाली येत होते. अडीच आठवड्यांपूर्वी एकेक सेकंद पाहिलेली चित्रं. बशी, घंटा, कात्री. एकदा ती अडखळली, मागे गेली, आणि राहिलेला पंखा उचलून पुढे आली.

"चमचा. मग बराच वेळ पांढरं. मला वाटलं ही मुलगी मला पापण्या मिटायला वेळ देते आहे. मग टोपली."

काकांचं बोट छत्रीवर थांबलं. डोळ्याला पाणी यायचं कारण काकांकडे होतं, औषध चालू होतं, म्हणून त्यांनी ते पुसलं नाही.

अक्का शेवटापर्यंत गेली. चौतीसपैकी एकतीस चित्रं, आणि सहापैकी पाच वेळचं पांढरं, बरोबर आपापल्या जागी. सहावं पांढरं तिच्याकडून सुटलं. काकांनी तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "ते तुमच्या कागदात चुकलं असेल. पुन्हा तपासा." मुलगी हसली आणि तिने खरंच वहीत लिहून घेतलं.

"म्हणजे चौतीस दाखवलीत आणि चाळीसांचा जाब विचारलात," अक्का म्हणाली. "शाळेत असता तर बाकावर उभं केलं असतं." मग ती ताईंकडे वळली. "ताई, ती माझी किल्ली."

ताईंनी कमरेची किल्ली सोडून दिली. देताना म्हणाल्या की मला आधीपासूनच वाटत होतं काहीतरी यंत्राचंच असणार. अक्काने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्यात अडीच आठवड्यांचं सगळं उलट बोलणं आलं, आणि ताईंनाही बहुधा बरंच वाटलं, कारण त्या निवांत मांडी घालून बसल्या.

मुलीला सगळ्यांनी थांबवून घेतलं. काकूंनी चहा टाकला. चहा होईपर्यंत अक्काने घरभर फिरून चिठ्ठ्या काढल्या. नखाने एक कोपरा उचलायचा आणि सर्रकन ओढायची. गॅसजवळची तेवढी ठेवली.

"ती का ठेवलीस?" काकांनी विचारलं.

"ताई येतात ना चहा करायला. त्यांच्यासाठी आहे."

मग तिने स्टुलावर चढायचा बेत केला. काका उठले, आणि काही न बोलता स्टूल धरून उभे राहिले. अक्काने कपाटावरून पत्त्यांचा जोड काढला, रबर मनगटात अडकवलं, आणि खाली उतरून पानं पिसायला घेतली. मुलगी अक्काच्या मागे बसून डाव शिकायला लागली. पहिला हात ताईंनी घेतला, दुसरा काकूंनी, आणि मग बाकीच्यांना काही फारसं मिळालं नाही.

शेवटची चार पानं राहिली. काका आपली पानं छातीशी धरून विचार करत होते. नव्या डोळ्याला पानं कधी नव्हे इतकी लाल दिसत होती.

"विचार कसला करतोस," अक्का पानांतून मान वर न काढता म्हणाली. "बदामाची नव्वी तुझ्याकडे आहे. टाक आणि मोकळा हो, बाळ्या."

काकांनी बदामाची नव्वी टाकली.